हयातीपुरता मळा

काकू, तुझी तेरवी अजून व्हायची आहे, आणि बाबा खालच्या मळ्यात जाऊन पाट फोडून आले. तुला पोचवून अकोल्याला गेलेली मी परत पातूरला आले तेव्हा ते बांधावर उभं राहून धोतराचा ओला सोगा पिळत होते. मला पाहून म्हणाले, "मोगरा सुकून राहिला होता." सुकत असेलही. वैशाखात पाण्याची पाळी चुकली की मोगरा मान टाकतो, हे मला तूच शिकवलंस. तरी मला राग आला तो आलाच. तू असतीस तर त्यांचा पाय त्या बांधावर पडला नसता.

आता पडणार, आणि कायद्यानं पडणार. खालचा मळा तुझ्या हयातीपुरता तुझा होता. नवऱ्याच्या मागे बाईला मिळतं ते असंच. राबावं, पिकवावं, खावं. पण विकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, आणि डोळे मिटले की ते नवऱ्याच्या भावाकडे जायचं. तुझ्या नवऱ्याचा भाऊ म्हणजे माझे बाबा. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण तुझीही नव्हती. पण बाबांचं मळ्यानं भागलं नाही, हे तुला सांगायलाच हवं. नदीच्या अंगाची जी पट्टी तू स्वतःच्या फुलांच्या कमाईतून घेतलीस आणि मला बक्षीस लिहून दिलीस, तीही त्यांना हवी आहे. त्यांच्या वकिलानं सांगितलं आहे म्हणे की मळ्याच्या उत्पन्नातून घेतलेली जमीन मळ्याबरोबरच जाते. तेरवीच्या आत मी हक्क सोडल्याचा कागद करून द्यावा, असा निरोप होता.

म्हणून हे लिहिते आहे. रडून घेतलं आहे मी, पोटभर. पण ओट्यावर बसलेल्या बायकांचं बोलणं कानावर पडलं आणि माझं रडणं जागच्या जागी थांबलं. एक म्हणत होती, "बिचारी मोठी मायाळू होती वं. भासऱ्याच्या आधारानं दिस काढले, पण कधी मन वाकडं केलं नाई." भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. काकू, तू बिचारी? आणि बाबांच्या आधारानं? तू गेल्याबरोबर या बायका तुला इतकी गरीब गाय करून टाकतील असं मला वाटलं नव्हतं.

मी लहान होते तेव्हाचं मला सगळं लख्ख आठवतं. आजोबा गेले आणि दोघा भावांनी मळा वाटून घेतला. वरचा बाबांचा, खालचा काकांचा. चुली वेगळ्या झाल्या, बैल वेगळे झाले, विहिरीवर पाळ्या लागल्या. कागद मात्र झाला नाही. सख्ख्या भावांत कागद कशाला, असं दोघांनाही वाटलं. भांडीकुंडी वाटली, देव्हाऱ्यातले टाकसुद्धा वाटले. महालक्ष्म्या तेवढ्या वाटता आल्या नाहीत. दोघी बहिणी, एकीला वर आणि एकीला खाली बसवायचं कुणाला जमणार? त्यांचे मुखवटे थोरल्याच्या घरी, म्हणजे आमच्याकडे राहिले. दर भाद्रपदात तू खालच्या मळ्यातून भाज्यांची पाटी डोक्यावर घेऊन यायचीस, आई आणि तू मिळून सगळा स्वयंपाक रांधायचात. आंबील तुझ्याच हातची लागायची. आईनं केली तर बाबा एक घोट घेऊन वाटी खाली ठेवत.

मग मानमोडीच्या तापाची साथ आली आणि काका गेले. तुला मूल नव्हतं. बाबांनी पटवाऱ्याकडे जाऊन खालचा मळाही आपल्या नावावर चढवून घेतला. आम्ही वेगळे कधी झालोच नव्हतो, घर एकत्र आहे, असं म्हणू लागले. एकत्र घरातल्या विधवेला जमीन मिळत नाही, अन्नवस्त्र मिळतं. त्यांच्या मनात कपट होतं असं मी म्हणणार नाही. बाईमाणूस मळा काय सांभाळणार, उद्या माहेरचा कुणी येऊन बसेल, असली भीती त्यांना असावी. पण भीतीपोटी घेतलं काय आणि लोभापोटी घेतलं काय, घेतलं ते घेतलंच.

तू भासऱ्यासमोर बोलत नव्हतीस. रीतच तशी. पदर पुढे ओढायचा, पाठ करायची आणि मध्ये कुणाला तरी उभं करायचं. मध्ये मी असायचे. त्या सकाळी तू मला हाताला धरून विहिरीवर नेलंस. बाबा मोट हाकत होते.

"सांग वं त्याईले," तू त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणालीस, "मले अन्न नाई पायजे, वस्त्र नाई पायजे. माहा मळा पायजे."

बाबा बैलांकडे पाहत म्हणाले, "सांग तिले, घर एक हाये."

"सांग त्याईले, मंग तीन साल झाले मी जे चूल पेटवून राहिली, ते कोणाची हाये?"

मला एक अक्षर बोलावं लागलं नाही. फक्त उभं राहायचं काम. बाबांनी बैल थांबवले नाहीत, आणि तू अकोल्याला दावा लावलास. माळणीनं भासऱ्यावर दावा लावला म्हणून सारं पातूर तुझ्याकडे बोट दाखवत होतं. तू मळ्यात फुलं तोडत होतीस, कागदावर नाव कुणाचंही असो.

आणि तारखेच्या दिवशी तू काय केलंस? सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. घरात दमणी एकच होती. बैलगाडीनं अकोल्याला जायचं तर दमणीतूनच. बाबाही त्याच तारखेला निघालेले. त्यांनी आईकरवी मला सांगितलं, "तिले इचार, येते का." तू आलीस. पुढे बाबा हाकायला, मागे त्यांना पाठ करून तू, आणि मध्ये मी. तुला सोबत बाईमाणूस हवं होतं, आई येणार नव्हती, म्हणून मला घेतलेलं. एकाच दाव्यात एकमेकांविरुद्ध असलेली दोन माणसं एका दमणीतून भाकरीची एकच शिदोरी बांधून कोर्टात निघालेली मी तरी पुन्हा पाहिली नाहीत. वाटेत तू म्हणालीस, "सांग त्याईले, बैलाईले पाणी दाखवा." बाबांनी दमणी ओढ्यावर घेतली.

तुझे वकील अकोल्याचे, सज्जन गृहस्थ होते. दमणीतून उतरताना त्यांनी तुला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. एवढं होऊनही त्यांनी तुला बाजूला घेऊन पढवलं. महालक्ष्म्यांचं विचारतील, तर पाहुणी म्हणून जाते असं सांगा, एवढंच सांगा, पुढं बोलू नका. तू मान हलवलीस. तुझं ते मान हलवणं मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं.

कोर्टात तू बाबांना पाठ करून उभी राहिलीस, त्यामुळे जज्जसाहेबांनाही अर्धी पाठ झाली. शिरस्तेदारानं दोनदा फिरवून उभं केलं, तिसऱ्यांदा नाद सोडला. बाबांच्या वकिलांनी पहिलाच प्रश्न टाकला, "बाई, आज कशातून आलात?"

"दमणीतनं."

"कोणाची दमणी?"

"भासऱ्याची."

"हाकली कोणी?"

"त्याईनंच."

लोक हसले. वकील म्हणाले, "ज्यांच्याशी वेगळं झालो म्हणता, त्यांच्याच दमणीतून?"

"मंग पातुराहून पायी येऊ का?"

पुन्हा हसले. त्यांनी हसू ओसरू दिलं आणि महालक्ष्म्या काढल्या. कुठे बसतात, रांधतं कोण, पंगतीला कोण कोण असतं. तुझे वकील मान खाली घालून बसले होते. शेवटी बाबांचे वकील गोड आवाजात म्हणाले, "म्हणजे तुम्ही पाहुण्या म्हणून जाता का?" तुझ्या तोंडात त्यांनी आयता घास दिला होता. हो म्हणायचं होतं फक्त.

तू म्हणालीस, "माह्या घरच्या महालक्ष्म्या. मी पाहुणी कावून होऊ?"

त्या एका वाक्यावर तू हरलीस. निकालात तेच होतं, कुलाचार एक, स्वयंपाक एक, जाणं-येणं एक, म्हणून घर एक. वेगळी चूल सोयीसाठी असते म्हणाले. आपण परत निघालो तेव्हा दमणी तीच, बसणं तेच. जिंकलेला माणूस हाकत होता आणि हरलेली बाई त्याला पाठ करून बसली होती. ओढा आला तेव्हा बाबांनी न सांगताच बैलांना पाणी दाखवलं. मला वाटतं त्यांना जिंकल्याची लाज वाटत होती, पण मळा परत देण्याइतकी नाही.

तू अपील केलंस. वकिलांनी या वेळी हात जोडले. म्हणाले, अपील चालू आहे तोवर त्या घरची पायरी चढू नका, महालक्ष्म्यांना तर मुळीच नाही. एवढ्या एकाच गोष्टीवर आपण गाडले गेलो आहोत. त्यांचं खरंच होतं. गावातल्या सगळ्यांना वाटलं, यंदा अनसूयाबाई येत नाही. आईनं आंबिलीचं पीठ काढून ठेवलं आणि दिवसभर दाराकडे पाहत राहिली. तू आलीस. अंबाडी, दोडके, काकडी, भोपळा, सगळं पाटीत घेऊन, भर बाजारातून, सगळ्यांना दिसेल असं आलीस.

पंगतीत बाबा माझ्याकडे पाहून म्हणाले, "सांग तिले, कोर्टात माह्याशी भांडते अन् इथं वाढते."

तू आंबिलीचं पातेलं घेऊन मागे उभी होतीस. "सांग त्याईले, कोर्ट अकोल्याले हाये. वाटी पुढं करा म्हणा."

बाबांनी वाटी पुढे केली. तीनदा केली.

काकू, यावरून आपण किती भांडलो. मी मोठी झाले, चार बुकं शिकले, तेव्हा पहिल्यांदा तुला म्हटलं की तू वेडेपणा केलास. अपील तू जिंकलीस खरी. वरच्या कोर्टाला पटलं, देव एक असले म्हणून वावरं एक होत नाहीत. पण ते नशीब होतं, दुसरा कुणी बसला असता तर त्या आंबिलीच्या पातेल्यात तुझा मळा बुडाला असता. मला वाटायचं तू भोळी आहेस, मायेत वाहून गेलीस, जावेचं मन मोडवलं नाही. आत्ता ओट्यावरच्या बायका म्हणत होत्या तसंच मलाही वाटायचं. मी दर सुटीत ते उकरून काढायची आणि तू "जाऊ दे ना वं" म्हणून शेवंतीचे गुच्छ बांधत राहायचीस.

एकदाच चिडून बोललीस. "नसती गेली तं महालक्ष्म्या त्याईच्या झाल्या असत्या. मळा माहा, अन् महालक्ष्म्याबी माह्या. एक धरून दुसरं सोडाले मी काय भिकारीन हाये?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तू माया म्हणून गेलीच नव्हतीस. माया होती, आईवर तर होतीच, पण तू गेलीस ती ताबा सोडायचा नाही म्हणून. वकील सांगत होते की मळा हवा तर घरावर पाणी सोडा. बाबा सांगत होते की घरात राहायचं तर मळ्यावर पाणी सोडा. दोघांचंही तू ऐकलं नाहीस. तुला दोन्ही हवं होतं, कारण दोन्ही तुझं होतं. आणि हे मिळवायला तू खोटं बोलली नाहीस, साधं "पाहुणी" म्हणण्याइतकंही नाही. मी शाळेत मुलींना खरं बोलावं म्हणून शिकवते. त्याची किंमत काय पडते ते मी तुझ्याकडे पाहून शिकले.

मळा नावावर आल्यावर लोक तुला म्हणायचे, एवढं भांडून मिळवलंस काय? तुझ्या मागे तो भासऱ्याच्याच घरात जायचा. तू म्हणायचीस, "मेल्यावर घ्या ना. जित्तेपणी कायले?" आणि काय मळा केलास तू तो! मोगरा, शेवंती, निशिगंध. सर्व्हिस मोटार सुरू झाली तशी तुझी फुलं ताजी ताजी अकोल्याला जायला लागली. तिथल्या जठारपेठेत मी खोली घेतली तेव्हा शेजारची बाई पहिल्याच दिवशी म्हणाली, मोगरा पातूरच्या अनसूयाबाईचा असला तरच मी घेते. मी तुझी पुतणी, हे मी तिला मग सांगितलं.

ती खोली, ती शाळेतली नोकरी, हे तरी कुणामुळे? मराठी शाळा संपल्यावर बाबा माझ्यासाठी स्थळं पाहायला लागले होते. तू मला पुन्हा विहिरीवर नेलंस, मध्ये उभं केलंस आणि म्हणालीस, "सांग त्याईले, पोरीले अमरावतीले ट्रेनिंगले धाडा." माझीच शिफारस माझ्याच तोंडून. मला हसू आवरेना. बाबा म्हणाले, "सांग तिले, पोरगी माही हाये." तू म्हणालीस, "सांग त्याईले, मंग पोरीसारखी शिकवा." त्यांनी धाडलं. का धाडलं कुणास ठाऊक. मला वाटतं, जिच्याशी कोर्टात हरलो तिच्याशी पुन्हा वाद घालायची त्यांची तयारी नव्हती. लग्न माझं झालंच पुढे, पोरगीही झाली, पण सगळं नोकरी हातात आल्यावर. मी तुझे उपकार मानले तर तू मला हाकलून दिलंस, "जाय, फुलं तोड." आज मानते. आज तुला हाकलता येणार नाही.

पट्टीचंही तसंच. खालच्या मळ्याला लागून नदीच्या अंगाला ती पडीक पडली होती, काटेरी झुडपांनी भरलेली. तू ती आपल्या नावानं विकत घेतलीस, झुडपं काढलीस, लिंबं लावलीस. मला लिहून दिलीस त्या दिवशी मी नको म्हणत होते. बाबांशी वैर कशाला, मला काय कमी आहे, असं बरंच बोलले. तू रजिस्टर ऑफिसच्या ओसरीत पदर खोचून बसली होतीस. म्हणालीस, "मळा त्याईचा, माह्यामागं. ते कायद्यानं देल्ला. पट्टी माही. माह्या चिजेचं मी करीन ते होईन." आणि अंगठा उमटवलास.

त्यानंतर तू आजारी पडलीस तेव्हा मी आले होते. तुझ्या खाटेशी बसले होते. तू अर्धवट झोपेत होतीस असं मला वाटत होतं, आणि एकदम विचारलंस, "पट्टीसाठी ते आले, तं लढशीन का?" मी तुझ्या कपाळावरचा हात काढला आणि पाणी आणायला उठले. परत आले तोवर तू झोपली होतीस. मग मला शाळेसाठी निघावं लागलं. मला वाटलं, पुढच्या वेळी सांगू.

बाबांना मी वाईट म्हणणार नाही, काकू. तुला खाली ठेवलं होतं तेव्हा ते तुझ्या पायाशी येऊन उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं. सवयीनं मलाच सांगणार होते. मग ते तुझ्याकडे वळून म्हणाले, "अनसे, झालं वं." एवढंच. पहिल्यांदा तुझ्याशी बोलले, तुझं नाव घेऊन. मी तो माणूस ओळखते. माझा बाप आहे तो, आणि त्याला तुझं दुःख खरं आहे. पण ज्याला दुःख खरं आहे त्यालाच पट्टीही हवी आहे, आणि यातलं एक दुसऱ्याला रद्द करत नाही. तूही आंबील वाढत होतीस आणि अपील चालवत होतीसच की.

काल जेवणं झाल्यावर त्यांनी आईला सांगितलं, पोरीला समजव. आई चुलीपाशी होती. इतकी वर्षं या भांडणात तिनं कुणाची बाजू घेतली नव्हती, कोर्टात आली नाही, तुझ्यासाठी नाही आणि त्यांच्यासाठीही नाही. चुलीत लाकूड सारत ती म्हणाली, "माह्या तोंडून नाई. तुमचं तुमी सांगा."

मग ते माझ्याकडे आले. मी तुझ्या खोलीच्या दारात बसले होते. मध्ये कुणी नव्हतं.

"कागद करून देशीन का?"

"नाई, बाबा."

"वकील म्हनते, पट्टी मळ्यातच धरल्या जाईन."

"माहा वकील म्हनते, सांगता येत नाई. पाहू."

"बापासंगं कोर्टात जाशीन?"

"मी नाई जाऊन राहिली. तुमी चालले. मी तथी असीन."

"तिच्यावानी बोलते तू," असं म्हणाले आणि निघून गेले. ते रागानं म्हणाले असावेत. मी ते तसं घेतलं नाही.

नोटीस येईल. येऊ दे. मी हरेनही. तुझ्यासारखं खरं तेच बोलायचं ठरवलं आहे, म्हणजे हरायची सोय झालीच आहे. विचारतील, मळ्यातल्या फुलांच्या पैशातून घेतली का? हो म्हणेन. ती फुलं कुणी लावली, कुणी तोडली, तेही सांगेन, कुणी विचारो वा न विचारो. खाली हरले तर तुझ्यासारखं वर जाईन.

काकू, तू विचारलंस त्याचं उत्तर राहिलं होतं. हो, लढीन. तुला मळा मिळाला तो जगण्यापुरता, आणि तू म्हणालीस ठीक आहे. मला ठीक नाही. पट्टी मी धरणार, कसणार, आणि माझ्यामागं ती माझ्या पोरीची होईल. तिच्या हयातीपुरती नाही.